साठातला अकरावा दिवस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुरुंगातून फोनवर तू म्हणालास, "बाबा, अपील आता राहू द्या." आई शेजारीच होती, म्हणून मी गप्प बसलो. २०२३ पासून तुमचे फोन फुकट झाले खरे, पण कामाचं बोलणं राहूनच जातं.

तुझा अर्ज फेटाळल्याचा निकाल मी तीनदा वाचला, एकदा डिक्शनरी घेऊन. न्यायाधीशांनी जुन्या अपिलाच्या निकालपत्रातली हकिकत वाचली, तुझाही इरादा जीव घ्यायचाच होता असं त्यावरून ठरवलं आणि सुनावणी न घेता अर्ज फेटाळला. आपलं भांडण नेमकं इथे आहे. कलम ११७२.६ च्या, म्हणजे जुना दोष रद्द करून मागायच्या, अर्जात आधी फक्त प्रथमदर्शनी पाहायचं असतं, पुरावा तोलायचा नसतो. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये लुईस खटल्यात हेच सांगितलंय. तोलायचा तो सुनावणीत, आणि तिथे शंकेला जागा न ठेवता गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी वकिलाची.

तुझ्या ज्यूरीला काय सांगितलं होतं, आठव. मारहाणीला साथ दिली आणि त्यातून गोळीबार होणं स्वाभाविक होतं, तर गोळी न झाडणाराही खुनाच्या प्रयत्नाचा दोषी. तो नियम काढणारा २०१९ चा कायदा आला तेव्हा त्यात खुनाचंच नाव होतं, आपण हात चोळत बसलो. २०२२ पासून खुनाचा प्रयत्नही स्पष्टपणे घातला. नागपूरला काकांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्याकडचं ३०७ ला ३४ लावलं, खुनाच्या प्रयत्नाला समान इरादा." अगदी तसं नाही, पण मी वाद घातला नाही.

जिंकलो तरी तू सुटत नाहीस. प्रकरण सुनावणीसाठी खालच्या कोर्टात परत येईल, इतकंच. ज्याच्यावर गोळी झाडली त्या मुलाच्या आईला पुन्हा सगळं ऐकावं लागेल, हेही मला दिसतं. तरी अपील कर. गाडीत पिस्तूल आहे हे तुला माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. पत्रात लिहू नकोस, पत्रं उघडतात. वकिलाला सांग, खरं असेल ते.

अपिलाला वकील सरकारी खर्चाने मिळतो. त्याला मुद्दा सापडला नाही तर कोर्ट तुला कळवतं आणि स्वतः लिहायला ३० दिवस देतं. तेव्हा गप्प राहिलास तर अपील सोडून दिलं असं धरता येतं. २०२२ च्या डेल्गाडिलो निकालापासून अशी रीत आहे. तो कागद आला की लगेच फोन कर, शनिवारची वाट पाहू नकोस.

अपिलाची नोटीस वरच्या कोर्टात नाही, ज्याने नाकारलं त्याच कोर्टात द्यायची. मुदत ६० दिवस, आज अकरावा. मुदतीत तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे टपाल दिलंस तरी चालतं. कुणाला, कधी दिलं ते लिहून ठेव.

फॉर्म सोबत आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. मागच्या वेळी तू सही वकिलाच्या रकान्यात केली होतीस.

तुझा,
बाबा