कॉइलवर १, २, ३, ४ लिहिणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेडबाहेर धड बोर्डही नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके, सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर कमी, आणि गाडी उभी असली की इंजिन एकदम गुळगुळीत. एवढं ऐकून तुम्ही बॉनेट उघडलंच नाही, आधी स्कॅनर लावला. त्याआधी ज्यांच्या हातात गाडी गेली होती त्यांनी इंजिन उभ्या जागी रेस करून ‘काही नाही, पेट्रोल खराब असेल’ म्हटलं, इंजेक्टर क्लीनिंग आणि थ्रॉटल बॉडीचं बिल लावलं, आणि वर फ्युएल पंपाचं एस्टिमेट हातात दिलं. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड मात्र न वाचताच उडवून टाकला होता. कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान हे सगळं त्याबरोबर पुसलं जातं, एवढंही त्यांच्या गावी नव्हतं.

तुम्ही चढावर एक फेरी मारून कोड परत पडू दिलात. पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, मिश्रण नीट पेटत नाही. लोड जास्त, फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन किती कमीजास्त करतोय तो आकडा, मात्र जागेवर. पंप कमजोर असता तर लोडवर ट्रिम प्लसमध्ये चढत गेली असती आणि चारही सिलिंडर उपाशी राहिले असते; एकट्या तिसऱ्यावर पंपाचा काय राग? एका वाक्यात तुम्ही ते एस्टिमेट निकालात काढलंत.

पण आभार खरे मानायचेत ते त्यापुढच्या गोष्टीचे. कॉइल, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज देणारे डबे, काढण्याआधी तुम्ही खिशातून व्हाइटनर काढलं आणि प्रत्येक कॉइलवर १, २, ३, ४ असे आकडे घातलेत. तुम्हाला त्याची गरज नव्हती, तुमच्या हाताला कुठली कॉइल कुठली ते ठाऊक होतं. ते आकडे गिऱ्हाइकासाठी होते. मग ३ लिहिलेली कॉइल पहिल्या सिलिंडरवर, १ लिहिलेली तिसऱ्यावर, प्लग जागच्या जागी. ‘आता कोड कुठे जातो ते तुम्हीच वाचा,’ म्हणत स्कॅनर माझ्या हातात दिलात. पी०३०१ आला. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता, आणि ते पटायला तुमच्यावर विश्वास टाकायची गरजच उरली नव्हती. गिऱ्हाइकाला काही कळत नाही या समजावरच अर्ध्या धंद्याचं पोट भरतं. तुम्ही ते कळायची सोय करून ठेवलीत.

तिसऱ्यावर चांगली कॉइल बसूनही पी०३०३ अधूनमधून डोकावत होताच. घाईतला माणूस तिथे चार नव्या कॉइल विकून मोकळा झाला असता. तुम्ही तिसरा प्लग काढून उजेडात धरलात: पांढऱ्या चिनी मातीच्या अंगावर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. ३ लिहिलेल्या कॉइलचा बूट, म्हणजे प्लगवर बसणारी रबरी टोपी, उलटून पाहिला तर आत तशीच रेघ. प्लग तर नवाच होता, आधीच्यांनी बसवलेला. म्हणजे त्यांनी प्लग बदलले, रेघ पडलेला बूट तसाच ठेवला, आणि त्या बुटाने नव्या प्लगवरही रेघ उठवली. नवे प्लग टाकून गाडी काही दिवस बरी चालते आणि पुन्हा मिसिंग मारायला लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. प्लग आणि बूट जोडीने बदलायचे असतात.

हे झटके चढावरच का, तेही तुम्ही काम करता करता सांगितलंत. पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, ठिणगीच्या वेळचा दाब वाढतो आणि प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला त्याहून जास्त. मग विजेला बुटातल्या त्या काळ्या रेघेवरून हेडच्या धातूवर उडी मारणं सोपं पडतं आणि आतलं मिश्रण न पेटताच बाहेर जातं. आयडलला दाब कमी असतो, ठिणगी मुकाट्याने फटीतूनच पडते. उभ्या जागी रेस करून हे कधीच सापडणार नव्हतं.

रेघ आली कुठून, तेही शोधलंत. तिसऱ्या प्लगच्या भोकात तेल साचलं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या नळीचं सील कडक झालेलं, तेलाने रबरी बूट फुगून मऊ पडलेला. प्लगला हात लावण्याआधी ते तेल तुम्ही टिपून घेतलंत, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये उतरलं असतं. या कॉइलचा बूट सुटा मिळतो हे कळल्यावर अख्खी कॉइलही घ्यायला लावली नाहीत. पॅकिंग, सील, एक बूट, एक प्लग. नव्या बुटाच्या आतल्या कडेला वीज गळू न देणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात, आणि प्लगची फट फिलर गेजने मोजून. बाकीचे तीन प्लग १.१ मिमीवर होते, तेही सीएनजीच्या मॅन्युअलप्रमाणे ०.८ वर आणलेत. हे काम बिलात नव्हतं.

एका गोष्टीसाठी तुम्ही रागावलात, ते बरं केलंत. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर पाय काढायचा. न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि मग शेकड्यांचं काम हजारोंवर जातं. ‘पेट्रोल खराब असेल’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं.

जुना बूट मी मागून घेतला तेव्हा तुम्ही हसलात. तो मी जपून ठेवलाय. प्लग बदलूनही मिसिंग जात नाही असं कुणी म्हटलं की आधी त्यांना ती रेघ दाखवतो, आणि मग तुमच्या शेडचा रस्ता सांगतो. तेव्हा गर्दी वाढली तर दोष माझा समजा.

आपला,
सीएनजीवाला गिऱ्हाईक