तिसरं काज जरा खाली आहे

अमळनेर, जुलै २०२५

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहून राहिली. तू फोन करतो तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि ताई शेजारीच बसलेली असते, मग तू विचारतो "कशी आहे ताई", मी म्हणते "बरी आहे, खूप फरक आहे", तू म्हणतो "मस्त मस्त", की झालं. पाच महिने झाले, आपलं एवढंच चाललंय. म्हणून हे पत्र शर्टाच्या घडीत घालून कुरियर करते. शर्ट घालायच्या आधी वाच.

फेब्रुवारीत तिला पुण्याहून घरी आणलं तेव्हा तू दोन दिवस होता, त्यामुळे तुझ्या डोळ्यासमोर अजून तीच ताई असेल, उशीला टेकून बसवलेली, चमचा धरता न येणारी. जानेवारीत आधी नुसतं पोट बिघडलं होतं रे तिचं, मग आठ-दहा दिवसांनी पायाला मुंग्या आल्या, मग जिना चढवेना, आणि आपण म्हणत होतो थकली असेल. त्या दोन महिन्यांत पुण्यात दोनशेच्या वर लोकांना हे जीबीएस, नसांचा आजार, झालं असं पेपरात होतं, आपलं नशीब की श्वासापर्यंत गेलं नाही आणि पाच दिवसांच्या इंजेक्शनांवर थांबलं. हे सगळं तुला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही ती सांगते, पप्पांनाही माहीत नाही.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मला समजावलं की नस म्हणजे वायर धरा, वरचं रबर गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत चढतं, पण आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. ताईचं बहुतेक रबरच गेलंय, तार थोडीफार, असं टेस्टमध्ये आलं होतं. पण माझ्या डोक्यात तो एक मिलिमीटरच बसला. घरी आल्यावर पहिल्या की दुसऱ्या रात्री ती झोपली तेव्हा मी टेप काढला आणि तिच्या कमरेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं. आमचं शिवणकाम सगळं इंचात, सेंटिमीटरची बाजू मी कधी वापरत नाही, त्या रात्री टेप उलटा करून धरला. अठ्ठ्याण्णव भरलं. म्हणजे ९८० दिवस. मी बोटांवर वर्षं मोजली, पावणेतीन येत होती, आणि मग मशीनवर जाऊन बसली, शिवायला काहीच नव्हतं तरी. रात्री एक वाजता उगाच जुन्या परकराची शिवण उसवली आणि परत घातली.

तिथून हे शिवणकाम सुरू झालं, लोकं म्हणता आई पोरीसाठी किती करते, पण खरं सांगू का, मला हात रिकामे ठेवता येत नव्हते.

पहिले गाऊन शिवले. डोक्यावरून घालायचे कपडे तिला जमत नव्हते, हात वर जायचा नाही, म्हणून पुढून पूर्ण उघडे. टिचबटण लावले, तर ते दाबायलाच अंगठ्यात जोर लागतो हे मला शिवून झाल्यावर कळलं, इतकी वर्षं लोकांना लावून देते आणि कधी लक्षात आलं नाही. मग वेलक्रो. ते सोपं, पण ती म्हणाली आई, उघडताना जो आवाज होतो ना चर्रकन, तो दवाखान्यात हातावरचा पट्टा काढायचे तेव्हा तसाच व्हायचा. काढून टाकलं लगेच. शेवटी पप्पांच्या जुन्या कोटाची मोठी बटणं काढली, एक इंचाची, आणि काज न करता दोऱ्याचे फासे केले सैलसर. मार्चमध्ये तिने त्यातलं वरचं एक बटण स्वतः लावलं, वीस मिनिटं लागली, मी तिकडे पोळ्या करून राहिली होती आणि तवा जळाला, कारण मी वळून वळून बघत होती.

मग एप्रिलमध्ये पाऊण इंची बटणं लावली. मग अर्धा इंची. फासे काढून काजं केली. फिजिओताई आली की ती हाताची पकड त्या यंत्रावर बघते आणि आकडे लिहून नेते, पण मला विचारशील तर गाऊनची बटणं बघ, कपाटात ओळीने लटकले आहेत, फेब्रुवारी ते जून.

पिशवीचं तर हसूच झालं. तुझ्या जुन्या जीन्सची वॉकरला लावायची पिशवी शिवली, मोबाईल, पाण्याची बाटली, रुमाल, सगळ्याला खिसे, मला फार अभिमान वाटला. तिने बाटली भरून टाकली आणि वॉकर पुढे कलंडला, बरं झालं पप्पा समोर होते. सगळं वजन पुढच्या दांडीला लटकवलं होतं मी. मग उसवून दोन केल्या, दोन्ही बाजूंना एकेक, आणि बाटलीचा खिसाच ठेवला नाही. टाचेखाली ठेवायला कापसाच्या गाद्या केल्या होत्या त्याही वायाच गेल्या, फिजिओताई म्हणे टाच अधांतरी पाहिजे, उशी पोटरीखाली द्या. आता त्या गाद्या आजी गुडघ्याखाली घेते.

पप्पांचं सांगते. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पावलं लिहायला सुरुवात केली. आज बारा, आज अठरा, आज पंचवीस. त्यांचा जीव, दुसरं काय. मे महिन्यात, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री, कूलर घरघर करून राहिला आणि हे म्हणता "अजून दहा, अजून दहा", आणि पोरीने साठ केले. साठ! त्यांनी पेढे आणले. पुढचे दोन दिवस ती पलंगावरून उठली नाही. या आजारात दमवून चालत नाही, दमण्याच्या आधी थांबायचं असतं, हे फिजिओताईने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पप्पांना ऐकू आलं. आता कॅलेंडर कपाटात आहे. तू पण फोनवर "आज किती चालली" विचारत जाऊ नको रे. तुला वाटतं तू हुरूप देतो, आणि ती फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपते.

आणि गल्लीतल्या बायका. "चाली ऱ्हायनी का पोर?" हे तर रोजचंच, ते मायेने विचारता, त्याचं काही नाही. पण एकीने आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी लग्नाचं काढलं, ताईच्या समोर. मी तिचा ब्लाऊज माप न घेताच परत दिला, म्हटलं माझ्याकडे खूप कामं आहेत, दुसरीकडे टाका.

आखाजीला मात्र छान झालं. पोरी माहेरी आल्या होत्या, मागच्या अंगणात निंबाला झोका बांधला, गौराईची गाणी चालली होती. ताईला खुर्चीवर बसवलं होतं. मग तुझी मामेबहीण म्हणाली झोक्यावर बसवू या, आणि मी नाही म्हणायच्या आत दोघींनी उचललीच. दोर धरून बसली ती. झोका दिला नाही कोणी, नुसता वाऱ्याने जेवढा हलला तेवढा. पाचेक मिनिटं. पण दोर तिच्या हाताने धरला होता, आणि मी बघत होती की बोटं सुटता का, सुटली नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसली ते.

मेच्या शेवटी फिजिओताई म्हणाली की बोटांना बारीक काम द्या. कणीक मळणं चालू होतंच, बटणांचा डबा ओतून रंग वेगळे करणं पण करायची, पण त्याचा तिला राग यायचा, म्हणे बालवाडीत आहे का मी. मग तिनेच सुई मागितली. गोधडीची जाड सुई दिली आधी, दोरा मी ओवून द्यायची. चिंध्यांची चौकोनी गोधडी सुरू केली, नुसता धावदोरा. नंतर म्हणाली आजीच्या परकराला मी हेम घालते. चार दिवस लागले तिला त्या एका परकराला, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. टाके कुठे इंचावर, कुठे एकावर एक, एक टाका तर पार पुढच्या कापडातून बाहेर. मी म्हटलं वा वा. आणि रात्री, भाऊ, मी ते उसवलं. मनात मी स्वतःला हे सांगितलं की आजीचा पाय अडकेल, पडेल म्हातारी. पण खरं कारण ते नव्हतंच, माझ्या हाताला तसं काम घरात सहन झालं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचं शिवतेय, वाकडा टाका दिसला की हात जातोच. बारीक टाक्यांचं हेम घालून परकर होता तसा घडी करून ठेवला.

सकाळी तिने घडी उलगडली. काही बोलली नाही आधी. मग म्हणाली, "आई, गिऱ्हाईकाचा होता का हा?"

सहा दिवस सुईला हात लावला नाही. व्यायाम करायची, जेवायची, माझ्याशी बोलायची पण, तेच वाईट, नीट बोलायची. रागावली असती तर बरं होतं. मी गोधडी तिच्यासमोर ठेवून बघितली, तर ती सरकवून मोबाईल घेतला. पप्पांना वाटलं आजार उलटला का काय, पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावायला निघाले होते, मी थांबवलं, पण का ते सांगायची हिंमत झाली नाही.

सोडवलं आजीने. सातव्या दिवशी ती आपलं जुनं लुगडं घेऊन ताईच्या पलंगावर जाऊन बसली, काठ सुटलेला, आणि म्हणे हे शिवून दे. आणि माझ्याकडे बघून म्हणे, "तुन्ही मायले हात लावू देऊ नको." म्हातारीला दिसत नाही म्हणतो आपण. सगळं दिसतं.

ताईने अट घातली. आई समोर बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. दोरासुद्धा मीच ओवणार. तू कधी बघितलं आहे का मला रिकाम्या हाताने बसलेली? पहिल्या दिवशी दोरा ओवायला तिला अकरा वेळा जमलं नाही, मी मोजत होती, माझी बोटं मांडीवर आपोआप हलून राहिली होती, आणि ती म्हणाली "आई, हात". मी पदर धरला घट्ट. बाराव्या वेळेस गेला दोरा. ते लुगडं आजी आता रोज नेसते, सणावाराचं बाजूला ठेवून तेच, आणि काठ मुद्दाम बाहेर काढते.

तर हा शर्ट. कटिंग माझं, कॉलर आणि बाह्या माझ्या, मशीनची टीप माझी. मशीनवर तिला अजून बसवत नाही, पायाचा पंजा अजून नीट उचलत नाही ना, पट्टा लागतोच. पण काजं आणि बटणं तिची. सात काजं, सगळी हाताने, सतरा दिवस. तिसरं जरा खाली गेलंय, त्यामुळे तिथे छातीवर थोडी चुणी पडेल. मला दिसलं होतं खडूची खूण करतानाच. बोलली नाही.

टेलरकडे नेऊन नीट करून आणू नको. आणि फोनवर "मस्त मस्त" म्हणू नको, तिला लगेच कळतं. घालून व्हिडिओ कॉल कर, आणि चुणी पडते तर पडते सांग. ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, म्हणेल घरी येशील तेव्हा काढून दे, बघते.

बाकी, सुरतहून ते जॉर्जेटचे तुकडे पाठवणं बंद कर बाबा. फुकट मिळता म्हणून पाठवतो ते कळतं, पण ते सुईखाली पळतं, माझ्याच हातात थांबत नाही तर तिच्या काय थांबेल. सुती कट-पीस मिळाले तर बघ, मऊ, धुतलेल्यासारखे. मशीनच्या सोळा नंबर सुयांचं एक पाकीट आण. पैसे पाठवले ते मिळाले, औषधाचे सोडून बाकी बँकेत ठेवले आहेत, इतके पाठवत जाऊ नको, स्वतःचं खाणंपिणं नीट ठेव. आणि तू तिथे आहे म्हणून जे मनाला लावून घेतो ते नको घेऊ, आम्ही इथे तिघं जण आहोत आणि तिघंही तिच्या मागे मागे, चौथा आला असता तर तिने हाकलून दिलं असतं.

कानबाईच्या सणाला ये. तिसरी ऑगस्ट, रविवार आहे, शनिवारच्या गाडीने आलास तरी चालेल. रोटाच्या प्रसादाला घरातली सगळी पाहिजेत. आल्यावर तिला उचलायला धावू नको, ती वॉकरवरून दारापर्यंत येणार आहे, तसं ठरवून बसली आहे. तू फाटकाशी थांब. वेळ लागेल.

काजाचा दोरा निळा आहे, पांढरा संपला होता आणि ती थांबायला तयार नव्हती. पहिल्यांदा धुशील तेव्हा वेगळा धू, रंग जाईल. गळ्याचं बटण तंग झालं तर मला सांग, मी सरकवून

नाही, तिलाच सांग.

तुझी,
आई