अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

चिऊ आता रुळली. सकाळी दप्तर घेऊन दाराशी तुमची वाट बघत उभी असते. मला मात्र तुमचे आभार नीट मानता आलेले नाहीत. तुम्ही समोर आलात की गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तिला एका प्ले-ग्रुपमध्ये घातलं होतं. भरपूर फी, रंगीत भिंती. तिथे पोर गेटवरच कडेवरून ओढून घ्यायचे आणि मला सांगायचे, "मागे वळून बघू नका." आत तिचा हंबरडा, बाहेर रस्त्यावर मी. दुपारी मोबाइलवर तिचा फोटो यायचा, डोक्यावर कागदी मुकुट आणि डोळे सुजलेले. आज काय केलं असं विचारलं की ठरलेलं उत्तर: "छान होती." एकदा तर तिथल्या बाईंनी ऐकवलं, "मुलीला नाही, तुम्हालाच सवय होत नाहीये." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. लेकराला पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती देताना आईचा जीव कासावीस होतो, त्यात तिला लाजवण्यासारखं काय आहे?

तुम्ही वस्तीतली मुलं गोळा करत आमच्या दारात आलात आणि ओट्यावर टेकलात. चिऊला ना हाक मारलीत, ना हात धरलात. तिच्या बाहुलीची वेणी घालत बसलात. बाकीची पोरं पायरीवर थांबली होती. थोड्या वेळाने चिऊ आपणहून बाहेर आली.

पण मी जन्मभर विसरणार नाही ती गोष्ट नंतरची. मी तिला न्यायला आले तर तिच्या चपला उलट्या, डावी उजव्या पायात, उजवी डाव्या. मी सरळ करायला वाकले. तुम्ही खिचडीचं पातेलं घासता घासता म्हणालात, "राहू द्या. आज पहिल्यांदाच तिनं आपल्या हातानं घातल्यात. मी सरळ करणार होते, पण म्हटलं, आईला बघू दे."

आईला बघू दे! मावशी, मला नेमकं तेच हवं होतं. ती मोठी व्हावी असं मलाही वाटतं. पण 'उतलून घे' म्हणणारी पोर एक दिवस 'उचलून घे' म्हणाली, तेव्हा शेजारणीने कौतुक केलं आणि मी आत जाऊन रडले. माझ्या नजरेआड ती रोज थोडी थोडी वाढणार, आणि तो वाटा मला कधीच मिळणार नाही, ही भीती होती. तुम्ही तो वाटा माझ्यासाठी राखून ठेवलात. तेव्हापासून रोज काही ना काही सांगता. आज उसळीतली मिरची बाजूला काढली, आज एका रडणाऱ्या मुलाचं नाक पुसलं. घरापर्यंत मी तेच आठवत चालते.

1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तुम्ही आमच्या ओट्यावर बसलात तेव्हा मला त्याच आठवल्या. बालशिक्षणावर मोठमोठं बोलणारे पुष्कळ भेटतात. लेकराच्या कलाने घेणारं आणि आईलाही माणूस समजणारं एखादंच. असा चांगुलपणा अजून आहे, तो आपल्या वस्तीत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि या कामाचं तुम्हाला मिळतं काय? तुटपुंजं मानधन. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा अंगणवाड्या बंद म्हणून सगळ्यांनी कुरकुर केली. त्या रस्त्यावर का उतरल्या हे फार थोड्यांनी विचारलं. आमची पोरं तुमच्या हाती देणाऱ्या आम्ही आया तरी आता ते विचारत राहू.

चिऊचा धाकटा भाऊ नुकता चालायला लागलाय. त्यालाही तुमच्याच अंगणवाडीत घालणार, हे घरात ठरलंय. येत्या दिवाळीत फराळाला या. डब्यातून पाठवणार नाही, ओट्यावर बसून खायचा.

तुमची,
चिऊची आई