पाडायचंच असेल, तर आधी धावायला जागा द्या

प्रति,
मा. केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : जवाहरलाल नेहरू स्टेडियमची नवी उभारणी आणि त्या काळात खेळाडूंचा सराव

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेचा निवृत्त क्रीडाशिक्षक. एकतीस वर्षं फक्कीनं ट्रॅक आखला. पावसानं पुसला की दुसऱ्या दिवशी परत आखला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमशी माझा संबंध तसा लांबचा, टीव्हीच्या काचेतून जोडलेला. तरीही नोव्हेंबर २०२५ मधली ती बातमी डोक्यातून जात नाही. स्टेडियम पाडून तिथल्या १०२ एकरांवर क्रीडानगरी उभारायची, त्यासाठी कतार आणि ऑस्ट्रेलियातल्या संकुलांचा अभ्यास चाललाय, असं तीत म्हटलं होतं.

पाडू नका, असं सांगायला हे पत्र नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझं मागणं एकच आहे. जुन्या ट्रॅकवर पहिला हातोडा पडण्याआधी त्याच्या तोडीचा बदली ट्रॅक दिल्लीतच वापरात आलेला असावा. कागदावर मंजूर झालेला नव्हे. ज्यावर सकाळी साडेपाचला पोरं धावताहेत असा. बाकीचं सगळं या एका मागणीच्या ओघात आलेलं आहे, ते तसंच वाचावं.

१९ नोव्हेंबर १९८२ ला राष्ट्रपती झैलसिंग यांनी नवव्या आशियाई स्पर्धांचं उद्घाटन केलं, तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. रंगीत टीव्ही त्याच वर्षी देशात आलेला. आमच्या चाळीत तो एका घरात होता आणि त्या घरच्या काकूंनी आठवडाभर दाराला कडी लावली नाही. पंचाहत्तर हजार लोक मावतील असं कोरं स्टेडियम, ३३ देशांची पथकं, शुभंकर अप्पू हत्ती. पण माझ्या लक्षात राहिली ती एम. डी. वलसम्मा. चारशे मीटर हर्डल्समध्ये तिनं सुवर्ण घेतलं. हर्डल्स हा काय प्रकार असतो हे चाळीतल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं. आठशे मीटरमध्ये चार्ल्स बोरोमिओ पहिला आला. आणि शंभर व दोनशे, दोन्हींत दुसरी आलेली एक काटकुळी मुलगी होती, पी. टी. उषा. सात वर्षांनी, १९८९ च्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत, दिल्लीतच तिनं चार सुवर्णपदकं आणि दोन रौप्यपदकं मिळवली.

मधल्या काळात या मैदानावर क्रिकेटही झालं. भारतातला पहिला दिवस-रात्र एकदिवसीय सामना सप्टेंबर १९८४ मध्ये इथेच झाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मग १४ नोव्हेंबर १९९१ ला, वर्णद्वेषामुळे घातलेली बंदी उठल्यावर पहिल्यांदाच परदेश दौऱ्यावर निघालेल्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. केप्लर वेसल्स या दोन्ही सामन्यांत खेळला, पहिल्यात ऑस्ट्रेलियाकडून आणि दुसऱ्यात दक्षिण आफ्रिकेकडून. पत्राच्या विषयाशी याचा काही संबंध नाही, पण असं सांगायला मिळालं की आम्हा मास्तरांना राहवत नाही.

मग आलं २०१०. राष्ट्रकुल स्पर्धांसाठी स्टेडियमचा कायापालट झाला, तारांवर ताणलेलं पांढरं छत आलं, आसनं साठ हजारांच्या आसपास झाली आणि खर्च सुमारे ९६० कोटी रुपये सांगितला गेला. उद्घाटन ३ ऑक्टोबरला होतं. २१ सप्टेंबरला स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी याच संकुलातल्या वेटलिफ्टिंगच्या सभागृहात छताचा तुकडा खाली आला. घाई कशी दिसते ते तेव्हा साऱ्या जगानं पाहिलं.

आणि ऑक्टोबरात, त्याच स्टेडियमच्या ट्रॅकवर, आमच्या सावरपाड्याची कविता राऊत दहा हजार मीटर धावली. पंचवीस फेऱ्या. केनियाच्या दोघी पुढे, ही तिसरी. राष्ट्रकुल स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आमच्या शाळेच्या ऑफिसात टीव्हीसमोर शंभरएक पोरं दाटीवाटीनं बसली होती. शेवटच्या दोन फेऱ्यांत कोणाचाच आवाज नव्हता. थाळीफेकीत तर तिन्ही पदकं आपलीच : कृष्णा पूनिया, हरवंत कौर, सीमा अंतिल. पाठोपाठ मुलींच्या चार गुणिले चारशे रिलेचं सुवर्ण. पूल कोसळला म्हणून शरमेनं मान खाली घातलेली आम्ही माणसं तीन आठवड्यांत टाळ्या वाजवत होतो. मला वाटतं, गोंधळ तिथेच झाला. टाळ्यांच्या आवाजात पुलाचा प्रश्न विरून गेला.

कारण पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे गाण्याचा मोठा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर कचरा, सांडलेलं खाणं, बाटल्या आणि रोज सराव करणाऱ्यांचं मोडलेलं सामान. एका धावपटूनं व्हिडिओ टाकला म्हणून देशाला कळलं, नाहीतर झाडून लोक मोकळे झाले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये मोंडो या इटालियन कंपनीचा निळाशार सिंथेटिक ट्रॅक बसला. त्यावर जागतिक पॅरा ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली, आपल्या खेळाडूंनी २२ पदकं मिळवली, त्यात सहा सुवर्ण. तिथेच भटक्या कुत्र्यांनी परदेशी प्रशिक्षकांना चावे घेतले, ही बातमीही जगभर गेली. आणि नोव्हेंबरात कळलं की हे सगळंच पाडायचं आहे.

ऑगस्टमध्ये अंथरलेला ट्रॅक आणि नोव्हेंबरात पाडायची बातमी! आमच्या शाळेत मी नवी सतरंजी घेऊन तीन महिन्यांत खोली पाडायला काढली असती, तर मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला असता. त्या ट्रॅकचं काय होणार, तो किती वर्षं वापरायचं ठरवून घेतला होता, हे मंत्रालयानं एकदा सांगून टाकावं. उत्तर समाधानकारक असूही शकेल. पण ते जाहीर हवं.

ट्रॅक कशानं खराब होतो, हे मला विचाराल तर धावण्यानं फार कमी. नीट जपला तर सिंथेटिक ट्रॅक दहाएक वर्षं सहज काढतो. तो मरतो त्यावर चढवलेल्या ट्रकच्या चाकांनी, स्टेजच्या लोखंडी पायांनी, सांडलेल्या डिझेलनं. पहिल्या लेनच्या आतल्या बाजूची पाण्याची चर तुंबली आणि कोणी साफ केली नाही, तर पाणी खाली मुरतं. मग कडा सुटतात, फुगे येतात. चर साफ करायला दोन माणसं आणि एक खराटा पुरतो. फक्त ती कोणाची जबाबदारी, हे नावानिशी लिहिलेलं असावं लागतं. मोठ्या स्टेडियममध्ये उद्घाटनाच्या फलकावर डझनभर नावं असतात, चरीसमोर एकही नसतं.

आता माझा अनुभव. कुठल्या शहरातला ते सांगत नाही, शहराचा दोष नव्हता. सहा मुलींना घेऊन एका मोठ्या स्पर्धेला गेलो होतो. मुख्य ट्रॅक झकास. शेजारी वॉर्म-अपचा ट्रॅक होता, तोही आखीव. पण उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून त्यावर गाड्या लावलेल्या. माझ्या मुलींनी दोन मोटारींच्या मधल्या फटीत स्ट्रेचिंग केलं. एकीनं आरशात बघून वेणी बांधली आणि म्हणाली, "सर, निदान आरसा तरी मिळाला." हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, तिचा पाय धरला. दोन वर्षांची मेहनत त्या पन्नास सेकंदांत संपली. म्हणून नव्या संकुलाच्या नकाशात मी आधी मुख्य स्टेडियम बघणार नाही, वॉर्म-अपचा ट्रॅक कुठे आहे आणि पार्किंगपासून किती लांब आहे ते बघेन.

जुनं राखूनही नवं करता येतं, हे दिल्लीत इंडिया गेटच्या मागेच दिसतं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये झालेलं आयर्विन ॲम्फीथिएटर, रॉबर्ट टोर रसेल यांचं काम. १९५१ ला पहिल्या आशियाई स्पर्धा तिथे झाल्या आणि त्याचं नॅशनल स्टेडियम झालं. मुंबईच्या लेव्ही पिंटोनं तिथेच शंभर आणि दोनशे मीटरची सुवर्णपदकं घेतली. पुढे त्याला मेजर ध्यानचंदांचं नाव मिळालं आणि २०१० च्या हॉकी विश्वचषकाआधी त्याची नव्यानं उभारणी झाली. नव्वदी ओलांडलेलं ते स्टेडियम उभं आहे आणि चाळिशीतलं पाडायचं चाललंय. याची तांत्रिक कारणं असतील. सांधे, गंज, भूकंपाचे नवे निकष, काहीही असेल. तो अभियंत्यांचा अहवाल लोकांसमोर ठेवा, म्हणजे आमच्यासारख्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

परदेशात अभ्यासाला कोणी जाणारच असेल, तर सिंगापूर आणि टोकियोही करून यावं. सिंगापूरनं आपलं १९७३ चं राष्ट्रीय स्टेडियम २००७ मध्ये बंद केलं. मध्ये जागतिक मंदी आली, काम रखडलं आणि नवं संकुल उघडलं २०१४ ला. सात वर्षं! धावपटूच्या आयुष्यातली सात वर्षं म्हणजे जवळपास सगळी कारकीर्द. पुढे ते संकुल चालवायला दिलेल्या खासगी भागीदारीकडून सरकारनं २०२२ च्या अखेरीस स्वतःकडे घेतलं, सामान्य लोकांना ते अधिक वापरता यावं म्हणून. टोकियोनं १९६४ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम २०१५ मध्ये पाडलं आणि त्याच वर्षी वाढत्या खर्चापायी नव्याचा ठरलेला आराखडाच रद्द केला. जुनं गेलं आणि नव्याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत ते काही काळ होते. त्यांनी सावरलं, त्यांची ती शिस्त आहे. आपल्याला ते झेपेल का, याबद्दल मला शंका आहे आणि ती मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, महोदय. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही अहमदाबादचंच नाव पुढे आहे. म्हणजे दिल्लीच्या मानेवर या वेळी उद्घाटनाची तारीख बसलेली नाही. १९८२ ला होती, २०१० ला होती, आणि दोन्ही वेळा शेवटच्या रात्रीपर्यंत रंग ओला होता. या वेळी कामं क्रमानं करता येतील. आधी बदली ट्रॅक आणि जिम. मग संकुलातली कार्यालयं आणि उत्तेजक चाचणीची प्रयोगशाळा हलवणं. मग पाडकाम. आणि निविदेतच पुढच्या पंधरा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी बांधून ठेवणं, ती दुसरीकडे वळवता येणार नाही अशी.

गाण्याचे कार्यक्रम नकोत असं मी म्हणत नाही. स्टेडियमला पैसे लागतात, रिकाम्या खुर्च्या ते देत नाहीत. पण वर्षातले किती दिवस ट्रॅक कार्यक्रमांसाठी बंद राहील याला कमाल मर्यादा घाला, तो आकडा गेटवर लावा आणि तेवढे दिवस शेजारचा ट्रॅक उघडा ठेवा. दिल्लीत सरावाला येणारी सगळी पोरं दिल्लीची नसतात. हरयाणा, उत्तर प्रदेशातून खोली भाड्यानं घेऊन राहणारी असतात, मेट्रो सुरू व्हायच्या आधी सायकलवर येणारी असतात. गेट बंद असलं तर त्यांनी जायचं कुठे? रस्त्यावर धावलं तर घोट्याची वाट लागते, हे कुठलाही मास्तर सांगेल.

उत्तराची अपेक्षा आहे. टपालानं आलं तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. नाशिक

ता. क. : जुन्या स्टेडियमला निरोप द्यायचाच झाला तर समारंभ, भाषणं, शाल-श्रीफळ नको. आठवडाभर गेट उघडं ठेवा आणि ज्याला एक फेरी मारायची आहे त्याला मारू द्या. गुडघे बघता माझे चारशे मीटर आता चार मिनिटांतही बसतील की नाही, कोण जाणे. पण मी येईन, आणि त्या सहाजणींपैकी जमेल तिला घेऊन येईन.