ग्रँडव्ह्यूवरच्या आजी-आजोबांचे मनापासून आभार

कॅलिफोर्नियातल्या इन्यो राष्ट्रीय वनात, व्हाइट माउंटन्सवर ग्रँडव्ह्यू नावाचा छोटासा कॅम्पग्राउंड आहे. उंची सुमारे 8,600 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तीन हजार फूट जास्तच. तिथे नळ नाही, पाणी आपणच न्यायचं. आमच्या कॅनची तोटी घाटात सैल झाली आणि सगळं पाणी डिकीत सांडलं. त्यात संध्याकाळी आईचं डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं. उंची बाधली होती.

शेजारच्या तंबूतले आजी-आजोबा न बोलावता आले. त्यांनी पाण्याचे दोन कॅन आमच्याकडे आणून ठेवले. आजींनी स्वतःची शाल आईच्या खांद्यावर टाकली. विटकी निळी, एका कोपऱ्याला रफू केलेली. "त्रास वाढला तर कितीही वाजले तरी उठवा, लगेच खाली उतरू," म्हणाले, आणि आजोबांनी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं. त्या वळवलेल्या गाडीमुळे आम्हाला झोप लागली.

सकाळी आईला बरं वाटलं. चार हजारांहून जास्त वर्षं जगलेले ब्रिसलकोन पाइनचे वृक्ष तिनं हात जोडून पाहिले.

आम्ही परतलो तेव्हा तुमचा तंबू उठला होता. नावही विचारलं नाही आम्ही. आजी, आजोबा, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. शाल आईनं जपून ठेवली आहे.