पीआरचा हिशेब पहिल्या नोकरीपासून

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्यापुढे दोन नोकऱ्या आहेत आणि तू जास्त पगाराच्या कॉल सेंटरकडे झुकून राहिली आहेस, असं आईकडून कळलं. माझं मत उलटं आहे. पगार कमी असला तरी डेटा ॲनालिस्टची घे.

कॅनडात पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, तुझा सगळ्यांत सरळ रस्ता म्हणजे कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास, तुम्ही मुलं सीईसी म्हणता तो. त्यात वाटेल त्या नोकरीचा अनुभव धरत नाहीत. प्रत्येक कामाला एनओसीचा, म्हणजे कॅनडा सरकारच्या व्यवसायांच्या यादीचा, पाच आकडी कोड असतो, त्यातला दुसरा अंक पाहायचा. तो ०, १, २ किंवा ३ असला तरच अनुभव मोजला जातो. कॉल सेंटरच्या कस्टमर सर्व्हिसचा कोड ६४४०९, दुसरा अंक ४. तिथे तीन वर्षं राबलीस तरी सीईसीच्या खात्यात शून्य. डेटा ॲनालिस्टचा २१२२३, दुसरा अंक १. ऑफिसच्या कामातही असंच फसायला होतं. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंट १३११० चालतं, जनरल ऑफिस सपोर्ट १४१०० चालत नाही, आणि बाहेरून पाहिलं तर दोघी एकाच टेबलावर बसलेल्या दिसतात. नुसतं पदनाम मोठं असून भागत नाही. तू रोज काय काम करतेस, ते त्या कोडखाली लिहिलेल्या कामांशी जुळलं पाहिजे.

हो म्हणण्याआधी डेटा ॲनालिस्टच्या त्या छोट्या कंपनीला एकच विचार: पेरोलवर घेणार की इन्व्हॉइसवर? पेरोलवर असशील तर पे स्लिप मिळतात, वर्षाअखेरीस टी-४, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद, मिळतो. "कॉन्ट्रॅक्टर म्हणून बिल पाठव, टॅक्स वाचेल" असं म्हणाले तर नको म्हण. ते सेल्फ एम्प्लॉयमेंट धरतात आणि सीईसीत ते चालत नाही. शिकत असताना केलेलं कामही धरत नाहीत, को-ऑप, म्हणजे कोर्सचाच भाग असलेली नोकरी, तीसुद्धा नाही. मोजणी १,५६० तासांची, म्हणजे आठवड्याला ३० तास आणि वर्षभर. आठवड्याला ५० तास करून आठ महिन्यांत संपवू असं मनात असेल तर ते होत नाही, ३० च्या वरचे तास सोडून देतात.

हे सगळं आत्ताच सांगून राहिलो कारण पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षण संपल्यावर कॅनडात काम करायचा परवाना, जन्मात एकदाच मिळतं. मास्टर्सवर तुला तीन वर्षांचं मिळेल. त्यातलं एक वर्ष चुकीच्या कोडमध्ये गेलं, सहा महिने दुसरी नोकरी शोधण्यात गेले, की उरलेल्या दीड वर्षात बारा महिने भरायचे, पीआरसाठी प्रोफाइल टाकायची, अर्ज करायचं बोलावणं यायची वाट पाहायची. दमछाक होते.

परमिटचा अर्ज निकालाचं किंवा कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आल्यापासून १८० दिवसांत करता येतो, पण तेवढं थांबू नकोस. स्टडी परमिट जिवंत असताना अर्ज गेला तर निर्णय येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून या अर्जाला भाषेचा निकालही लागतो, तुझ्या पदवीला सीएलबी (कॅनडाचं भाषेच्या पातळीचं माप) ७. पासपोर्टची तारीख आधी बघ. पासपोर्ट दीड वर्षात संपणार असेल तर परमिटही दीड वर्षाचंच देतात. मग उरलेल्या काळासाठी नवा पासपोर्ट काढून पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

आता गुण. ज्यांचे गुण जास्त, त्यांना पीआरच्या अर्जाचं बोलावणं आधी येतं. तुझा अंदाज मी कागदावर मांडला. लग्न न झालेली, २० ते २९ वय: ११०. मास्टर्स: १३५. इंग्रजीत चारही भागांत सीएलबी ९: १२४. कॅनडातला एक वर्षाचा अनुभव: ४०. कॅनडात मास्टर्स केल्याचे: ३०. शिक्षण आणि भाषा जोडून ५०. इथे नागपुरात मिहानमध्ये केलेल्या दोन वर्षांच्या नोकरीचे भाषेसोबत २५ आणि कॅनडातल्या अनुभवासोबत १३. बेरीज ५२७. २०२५ मध्ये सीईसीच्या बोलावण्याच्या फेऱ्या ५१५ ते ५५० गुणांच्या दरम्यान थांबत होत्या, म्हणजे तू अगदी काठावर. (लग्न झालं की हे गणित बदलतं. आईला सध्या एवढंच सांग की हिशेब चालू आहे.)

काठावर असल्यामुळे इंग्रजीत एक चूकही महाग पडते. चारही भागांत सीएलबी ८ वर आलीस तर ५२७ चे ४८३ होतात. आयईएलटीएसच्या नुसत्या रायटिंगमध्ये ७ च्या जागी ६.५ आले तरी २० गुण जातात: आठ त्या भागाचे, आणि "चारही भागांत ९" तुटल्यामुळे मिहानच्या अनुभवातले बारा. ॲडमिशनसाठी दिलेली आयईएलटीएस ॲकॅडमिक होती, ती इथे चालत नाही. जनरल ट्रेनिंग दे, नाहीतर सेलपिप ही कॅनडाची इंग्रजीची परीक्षा. सीएलबी ९ साठी आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ लागतात, बाकी तिन्हींना ७. मुलं लिसनिंग सोपं समजून ७.५ वर अडकतात. एकच निकाल परमिटला आणि पीआरला दोन्हीकडे चालतो, फक्त तो दोनच वर्षं चालतो आणि पीआरचा अर्ज करायच्या दिवशी जिवंत असावा लागतो. तेव्हा परीक्षा फार आधी देऊन ठेवू नकोस.

पहिल्या वर्षाला बोलावणं नाही आलं तर घाबरू नको. दुसरं वर्ष भरलं की अनुभवाचे १३ आणि मिहानसोबतचे १२, असे २५ वाढतात. खरी उडी फ्रेंचची. चारही भागांत सातवी पातळी गाठली तर ५० आणि दुसऱ्या भाषेचे किमान १२ मिळतात, शिवाय फ्रेंचच्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं लागतील, म्हणून सुरू करायची तर याच वर्षी. प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे एखाद्या प्रांताने पीआरसाठी तुझी शिफारस केली, तर एकदम ६०० गुण, पण प्रांत आपले नियम आणि कोटा बदलत राहतात. ते हाताशी ठेवायचं, त्याच्यावर विसंबून राहायचं नाही.

जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. तरी सीताबर्डीपासून ब्रॅम्प्टनपर्यंत "एलएमआयए (परदेशी माणूस घ्यायची सरकारी मंजुरी) करून देतो, पन्नास गुण पक्के" म्हणणारे अजून सापडतात. गुण नाहीत, पैसे मात्र जातात, आणि खोटा कागद पकडला गेला तर पाच वर्षांची बंदी.

बोलावणं आल्यावर ६० दिवस मिळतात. त्यात सगळ्यात जास्त रखडतं ते अनुभवाचं पत्र. आपल्याकडच्या कंपन्या "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा" एवढंच देतात. त्यात पद, कामांची यादी, आठवड्याचे तास, पगार, सही आणि सही करणाऱ्याचा संपर्क हे सगळं लागतं. कॅनडातली नोकरी सोडतानाही असंच पत्र हातात घेऊनच बाहेर पड. नाव पासपोर्टवर आहे तसंच, माझ्या नावासकट.

पदवीच्या मूल्यांकनासाठी मला विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टला जायला सांगितलंस, त्याची गरज नाही. मास्टर्स कॅनडातलं आहे, १३५ त्याच्यावरच मिळतात. सीईसीत बँक बॅलन्सही दाखवावा लागत नाही, तेव्हा एफडी मोडायचा विषय बंद.

मिहानच्या पत्राचा मसुदा तू लिहून पाठव. तिथे काय काय काम करायचीस ते आठ-दहा ओळींत, स्वतःच्या शब्दांत लिही. एनओसीच्या पानावरून उतरवलंस तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. मी सोमवारी जाऊन एचआरकडून लेटरहेडवर घेऊन येतो.

तुझे
बाबा