बहरामागून डोंगर चढताना

पुणे, १२ मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वसंतातील जपान प्रवासासाठी तू पाठवलेला सहलीचा कार्यक्रम वाचला. त्यात एकामागून एक मोठी शहरे आहेत आणि प्रत्येकापुढे ‘साकुरा दर्शन’, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर पाहणे, असे छापले आहे. असे दर्शन छापील वेळापत्रकाने घडत नाही, हे आम्ही दोघे नुकतेच पाहून आलो आहोत. म्हणून फोनवर उरकण्याऐवजी सविस्तर लिहितो.

टोकियोत जिथे तिथे दिसणारे चेरीचे झाड बहुतेक ‘सोमेई योशिनो’ या एकाच जातीचे असते आणि आपल्या हापूसप्रमाणे ते कलमानेच वाढवतात. त्यामुळे एका शहरातील ही सारी झाडे, पाने फुटण्यापूर्वीच, जवळजवळ एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. यासुकुनी मंदिराच्या आवारात हवामान खात्याने नमुन्यादाखल निवडलेले एक झाड आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की टोकियोत बहर सुरू झाल्याचे अधिकृतपणे जाहीर होते. त्यानंतर साधारण आठवड्याने पूर्ण बहर येतो, आणि पुढच्या आठवड्यात, मध्येच वारा-पाऊस झाला तर त्याहूनही लवकर, सगळे संपते. महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढणाऱ्याने ही तारीख साधायची कशी?

नीलिमाने त्यावर सोपा तोडगा काढला. बहर जसा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, तसाच तो सपाटीवरून डोंगराकडे चढतो. तेव्हा शहरे आधी आणि डोंगर नंतर, असा क्रम लावला म्हणजे कुठे ना कुठे तो गाठतोच. आमचा सगळा प्रवास या एका हिशेबावर आखलेला होता आणि तुम्हीही तसाच आखावा, असे मला मनापासून वाटते.

एप्रिलच्या आरंभी आम्ही टोकियोत पोहोचलो, तेव्हा पाकळ्या गळू लागल्या होत्या. राजवाड्याच्या चिदोरिगाफुची नावाच्या खंदकात भाड्याने वल्हवायच्या होड्या मिळतात आणि दोन्ही काठांवरच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतात. तिथला तासभर अगदी सुखाचा गेला. उएनो उद्यानात मात्र मी पुन्हा जाणार नाही. सकाळपासून निळ्या ताडपत्र्या अंथरून जागा अडवलेल्या, संध्याकाळी त्यांवर कचेऱ्यांतील मंडळींच्या मेजवान्या, आणि फुलांपेक्षा माणसेच अधिक. तुला गर्दीचे वावडे नाही, तेव्हा कदाचित तुला ते आवडेलही.

क्योतोला जाताना शिन्कानसेन या बुलेट ट्रेनमध्ये उजव्या हाताच्या खिडकीची जागा घ्या. आकाश स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो. क्योतोतील प्रसिद्ध रस्त्यांविषयी मी लिहीत नाही, कारण ती छायाचित्रे तू पाहिलेलीच आहेस. सान्जुसान्गेन्दो हे मंदिर मात्र चुकवू नका. सुमारे १२० मीटर लांबीच्या लाकडी सभागृहात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत, मधोमध एक मोठी बसलेली आणि बाकीच्या ओळीने उभ्या. कॉलेजात असताना कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात आपण अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर पाहिला होता, तो आठवतो ना? इथल्या मूर्तींनाही अकरा मस्तके आहेत. त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता असून त्यांत इंद्र आहे, कुबेर आहे आणि चक्क बासरी वाजवणारा गरुड आहे. छायाचित्रे काढण्यास मनाई असल्यामुळे लोक तिथे खरोखर पाहतात, हाही एक फायदाच.

तिथून आम्ही योशिनोला गेलो आणि नीलिमाचा हिशेब डोळ्यांनी पाहिला. या डोंगरावर सुमारे ३०,००० झाडे आहेत. ती बहुतेक रानटी जातीची, फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवी फुटणारी. झाओ गोन्गेन या देवतेची ती प्रिय झाडे मानली जातात आणि शतकानुशतके भाविकांनी रोपे वाहून हा डोंगर वाढवला आहे. खालचा, मधला, वरचा आणि अगदी आतला असे त्याचे चार टप्पे मानतात. आम्ही गेलो त्या दिवशी पायथ्याशी पाकळ्यांचा सडा होता, मधल्या टप्प्यावर ऐन बहर होता आणि अगदी वर झाडांवर नुसत्या कळ्या होत्या. म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांचा काळ आम्ही एका दुपारी पायी चढून गेलो. शहरातील बहर एकसारखा असतो, इथला मात्र कुठे पांढरा, कुठे गुलाबी, कुठे तपकिरी छटेचा. मला विचारशील तर एवढ्यासाठीच जपानला जावे.

पुढचा मुक्काम कोयासान. आगगाडीने गोकुराकुबाशीपर्यंत जायचे, तिथून उभ्या चढाच्या केबल कारने सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या मठांच्या गावात पोहोचायचे. कूकाई या आचार्यांनी ८१६ मध्ये याची स्थापना केली. बऱ्याच मठांत यात्रेकरूंना राहता येते, आणि वहिनींसाठी आनंदाची गोष्ट अशी की तिथला स्वयंपाक पूर्ण शाकाहारी, शिवाय कांदा-लसूणही नसलेला असतो. एरवी जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे तिळाचा ‘तोफू’ आणि भात समोर आल्यावर नीलिमाचा चेहरा खुलला. ओकुनोइन या स्मशानभूमीत उंच जपानी देवदारांच्या सावलीतून सुमारे दोन किलोमीटरची वाट जाते आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यांतील पंचमहाभूतांच्या दगडी स्तूपांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे कोरलेली असतात. जन्मभर संस्कृत शिकवलेली नीलिमा त्यांतला ‘अ’ ओळखून प्रत्येक दगडापाशी थांबू लागली आणि आम्हांला मठात परतायला अंधार झाला. वाटेच्या शेवटी कूकाई अजून ध्यानस्थ आहेत, अशी श्रद्धा आहे. भिक्षू त्यांच्यासाठी दररोज दोनदा जेवण नेतात. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी मानणाऱ्या माणसाला हे नवल वाटत नाही. याच गावातील कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला आहे. तो पाहायलाही अवश्य जा.

शेवटी किसो खोऱ्यातील जुना पायी मार्ग. एदो काळी एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जाणाऱ्या नाकासेन्दो रस्त्याचा मागोमे ते त्सुमागो हा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा अजून चालता येतो. वाटेत अस्वलांना हुसकावण्यासाठी घंटा टांगलेल्या आहेत. त्या वाजवण्याचे काम मी नीलिमाकडून हिसकावून घेतले. एका जुन्या घरात चालणाऱ्यांना चहा मिळतो. त्सुमागोच्या रहिवाशांनी आपली घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि पाडायची नाहीत असा ठराव केला होता, म्हणून ते गाव टिकले. वहिनींच्या गुडघ्यांसाठी चालणे मागोमेकडूनच सुरू करा, त्या बाजूने चढ कमी पडतो. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी हॉटेलातूनच कुरियरने पुढच्या मुक्कामी पाठवता येतात.

आता तारखांचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोहोचा आणि २९ एप्रिलच्या आत परत फिरा, कारण तेव्हापासून तिथे सलग सुट्ट्या लागतात आणि गाड्यांत जागा मिळणे कठीण होते. योशिनोतील आणि मठातील खोल्या आधी ठरवा, विमानाचे तिकीट त्यानंतर. सहलीच्या कंपनीला सरळ नकार कळव. मठांचे पत्ते आणि गाड्यांच्या वेळा नीलिमाच्या वहीत आहेत, त्या ती वहिनींना या आठवड्यात पाठवील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध